बेगमी कुणासाठी?

वैशाख सरू लागला की आपल्या किनाऱ्यावरील गावांतून आगोटीची लगबग सुरू होते. कौले चाळून घ्यावयाची, सरपण पडवीत रचावयाचे, सुके बोंबील आणि करंदी डब्यांत भरावयाची, मिठाची बरणी काठोकाठ करून ठेवावयाची. गॅसची शेगडी आणि बारमाही बाजार आल्यापासून यातली पुष्कळशी कामे मागे पडली. तरीही ‘पावसाळ्याची बेगमी’ हा शब्द आपल्या तोंडून गेलेला नाही. ही बेगमी करण्यासाठी कुणाला उपदेश करावा लागत नाही. मृग दरवर्षी येतो, आणि जे दरवर्षी येते त्याची तयारी सवयच करून घेते.

परंतु जे दरवर्षी येत नाही त्याचे काय? दहा-वीस वर्षांतून एकदा येणाऱ्या संकटासाठी आज पदरचे पैसे मोडणे हा विवेक की भित्रेपणा? उद्याच्या काळजीने मन पोखरू देऊ नये अशी शिकवण देणाऱ्या प्रभूच्या अनुयायांना ते शोभते का? आणि शोभत असेल, तर ती बेगमी कुणासाठी करावयाची? आपल्या उंबरठ्यापुरती, की वेशीच्या आत राहणाऱ्या सर्वांसाठी? हे प्रश्न आमच्यापुढे उभे राहिले ते हिमाशी फारसा परिचय नसलेल्या एका प्रदेशावर कोसळलेल्या हिमवादळामुळे.

अमेरिकेच्या दक्षिणेस असलेले टेक्सास हे राज्य उन्हासाठी प्रसिद्ध आहे. उत्तरेकडचा भाग सोडला तर बर्फ तेथे क्वचितच पडतो. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन या शहरांत मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. आपल्यापैकीही काहींची मुले-नातवंडे तिकडे असतील. २०२१ च्या फेब्रुवारीच्या मध्यास उत्तर ध्रुवाकडील शीत हवा खाली सरकत थेट मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्याला भिडली. राज्याच्या सर्व २५४ काउंट्यांत आपत्ती जाहीर करावी लागली. १६ फेब्रुवारीला डॅलसमध्ये पारा उणे १९ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला. १९४९ नंतर त्या शहराने असा गारठा पाहिला नव्हता. विजेचा पुरवठा कोलमडला. ४५ लाखांहून अधिक घरे आणि आस्थापने काळोखात गेली, आणि कित्येक घरांत तो काळोख काही तासांचा नव्हे, काही दिवसांचा ठरला. राज्याच्या आरोग्य खात्याने पुढे केलेल्या मोजदादीनुसार २४६ माणसे दगावली. त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश थंडीनेच गेली. १९ जणांचा प्राण कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने घेतला. ऊब मिळावी म्हणून घरात कोळशाची शेगडी पेटवणे किंवा बंद गॅरेजमध्ये मोटार चालू ठेवणे किती घातक असते, हे थंडीची सवय नसलेल्या माणसांना कुणी सांगितले नव्हते; किंवा सांगितले असूनही काकडणाऱ्या मुलांकडे पाहताना ते आठवले नाही.

हे असे का झाले, हे समजून घेतल्यावाचून नैतिक प्रश्नाला हात घालणे व्यर्थ होईल. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते, आणि त्या फुगण्याच्या जोरापुढे तांब्याची नळीही फुटते. थंड प्रदेशांत पाण्याच्या नळ्या जमिनीत खोल किंवा घराच्या उबदार पोटातून नेतात. टेक्सासमध्ये त्या छपराखालच्या माळ्यावरून किंवा बाहेरच्या भिंतीतून नेलेल्या असतात, कारण एरवी तेथे त्यांना कशाचेच भय नसते. गारठा आला, नळ्या फुटल्या, छतांतून पाण्याचे लोट खाली आले. शहरांच्या जलवाहिन्यांतील दाब घसरला आणि एक कोटीहून अधिक लोकांना पाणी उकळून पिण्याची सूचना मिळाली. पण उकळावयाचे कशावर? त्या राज्यातील बहुसंख्य घरे विजेवरच ऊब घेतात, आणि वीज तर गेलेली होती.

वीज गेली त्याचे कारण अधिकच विचार करावयास लावणारे आहे. टेक्साससाठी वीजनिर्मिती मुख्यत्वे नैसर्गिक वायूवर चालते. वायूबरोबर विहिरीतून पाणीही वर येते; विहिरीच्या तोंडाशी ते गोठले की वायू अडतो. वायू अडला की वीजकेंद्र थांबते. वायू नळांतून पुढे ढकलण्यासाठी जी यंत्रे लागतात त्यांतील अनेक विजेवर चालतात. वीज तुटली की ती थांबतात आणि वायू आणखी कमी होतो. भारनियमन करताना ज्यांची वीज तोडावयाची नाही अशा ठिकाणांची यादी असते. पण वायू पुरवणाऱ्या अनेक केंद्रांनी त्या यादीत आपले नाव घालण्याचा अर्जच भरलेला नव्हता. म्हणून अंधार टाळण्यासाठी ज्यांना वीज हवी होती, त्यांचीच वीज तोडली गेली. एक साधा अर्ज! संकटकाळी माणसाचे प्राण कोणत्या धाग्यावर लोंबकळत असतात याची आपल्याला आधी कल्पनाही नसते.

१५ फेब्रुवारीच्या पहाटे दोनच्या सुमारास त्या राज्याच्या वीजजाळ्याची वारंवारता ६० हर्ट्‌झवरून घसरून ५९.४ च्याही खाली गेली आणि चार मिनिटांहून अधिक काळ तेथेच राहिली. ती नऊ मिनिटे तशीच राहती, तर उरलीसुरली वीजकेंद्रे स्वतःच्या बचावासाठी आपोआप बंद पडली असती, आणि सगळे राज्य कदाचित कित्येक आठवडे काळोखात बुडाले असते. ते टाळण्यासाठी सक्तीचे भारनियमन करावे लागले. भारनियमन हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. आपल्याकडे ते पाळीपाळीने होते. तेथेही तसेच व्हावयाचे होते. पण तूट इतकी मोठी होती की पाळी बदलता आली नाही. ज्या वाहिन्यांवर रुग्णालये होती त्या चालू ठेवाव्या लागल्या, आणि त्याच वाहिन्यांवर शहराच्या मध्यभागी असलेल्या उंच कचेऱ्याही होत्या. मग जगाने ती छायाचित्रे पाहिली: रिकाम्या मनोऱ्यांचे मजलेच्या मजले दिव्यांनी झगमगत आहेत, आणि त्यांच्या पायथ्याशी माणसांनी भरलेल्या वस्त्या काळ्याठिक्कर पडल्या आहेत. कुणी मुद्दाम केलेला तो अन्याय नव्हता. परंतु अन्याय हा नेहमी मुद्दामच करावा लागतो असे नाही. आधी विचार न केल्यानेही तो घडतो.

येथे कुणी म्हणेल की, असले संकट कधी आलेच नव्हते. मग माणसांना दोष कसा द्यावा? पण ते तसे नव्हते. डिसेंबर १९८९ मध्ये अशाच थंडीने तेथील वीजकेंद्रे बंद पाडली होती. फेब्रुवारी २०११ मध्ये पुन्हा तेच घडले. त्या वर्षी केंद्रीय यंत्रणांनी चौकशी करून वीजकेंद्रे आणि वायूची केंद्रे थंडीपासून कशी राखावी याच्या सविस्तर शिफारसी केल्या; १९८९ चा धडा विसरला गेला होता हेही नोंदवून ठेवले. शिफारसी बंधनकारक झाल्या नाहीत. खर्च आज होणार होता, आणि वादळ कधीतरी येणार होते. दहा वर्षे सरली. म्हणजे जे आले ते अपरिचित नव्हते, विसरलेले होते. या दोहोंत मोठे अंतर आहे. आणि आमच्या मते नैतिक प्रश्न नेमका त्या अंतरात उभा आहे.

त्याच राज्याच्या पश्चिम टोकाला एल पासो हे शहर आहे. २०११ च्या गारठ्यात त्याचेही फार हाल झाले होते. तेथील वीज कंपनीने त्यानंतर आपल्या केंद्रांना थंडीपासून राखण्यासाठी पैसा खर्च केला. शिवाय ते शहर शेजारच्या राज्यांच्या वीजजाळ्याशी जोडलेले आहे, तर उरलेल्या टेक्सासने बहुतांशी आपले स्वतंत्र जाळे राखले आहे. २०२१ मध्ये एल पासोत थंडीचा मारा तुलनेने सौम्य होता हे खरे. तरीही तेथे वीज फारच थोड्यांची आणि फार थोड्या वेळापुरती गेली, याचे श्रेय त्या तयारीला आणि त्या जोडलेपणाला द्यावेच लागेल. एका शहराने दुःखाची आठवण ठेवली, आणि शेजाऱ्यांशी नाते ठेवले.

आता श्रद्धेच्या प्रश्नाकडे वळू. प्रभूने आकाशातील पाखरांकडे आणि रानातील फुलांकडे बोट दाखवले, आणि पित्याच्या काळजीवर भरवसा ठेवावयास शिकवले. मग पुढच्या हिवाळ्यासाठी नळ्यांना आच्छादन बांधणारा माणूस अल्पविश्वासी ठरतो काय? संत थॉमस अक्वायनस यांनी हा प्रश्न फार पूर्वीच हाताळला आहे. दूरदृष्टी हा विवेक या सद्गुणाचा प्रमुख भाग आहे असे ते मानतात. भविष्याची काळजी करावी की नाही, याला त्यांनी दिलेले उत्तर एखाद्या शेतकऱ्यालाही पटेल असे आहे. प्रत्येक ऋतूची आपली एक काळजी असते. कापणीची काळजी उन्हाळ्याची, द्राक्षे खुडण्याची काळजी त्यानंतरच्या हंगामाची. ज्या ऋतूत जे करावयाचे ते करणे ही चिंता नव्हे. दुसऱ्या ऋतूचे ओझे अवेळी उरावर घेऊन झुरणे ही चिंता. प्रभूने निषेध केला तो या झुरण्याचा. नळीला आच्छादन बांधावयाचे ते ऊन असतानाच. बर्फ पडू लागल्यावर उरते ती केवळ चिंता. म्हणजे वेळेवर केलेली तयारी ही चिंतेची बहीण नव्हे, ती चिंतेवरचा उतारा आहे.

आणि ज्या मत्तयाच्या शुभवर्तमानात पाखरे आणि फुले आहेत, त्यातच दहा कुमारींचा दृष्टान्तही आहे. या दृष्टान्तात आम्हांला एक गोष्ट नेहमी खटकत आली आहे, आणि अनेक वाचकांनाही ती खटकली असेल. शहाण्या कुमारींनी तेल दिले का नाही? प्रीतीचा धर्म सांगणाऱ्या प्रभूने, शेजारणीला नकार देणाऱ्या त्या पाच जणींना शहाण्या कसे म्हटले? टेक्सासची हकिगत वाचताना आम्हांला या प्रश्नाचे उत्तर थोडेसे उमगले असे वाटते. काही तेल असे असते की ते मध्यरात्री कुणी कुणाला देऊच शकत नाही. विहिरीच्या तोंडावरचे आच्छादन, न भरलेला अर्ज, शेजारच्या राज्याशी न जोडलेली तार, या गोष्टी वादळाच्या रात्री कितीही उदार मनाच्या माणसाला उसन्या देता येत नाहीत. दृष्टान्तातील नकार हा कंजूषपणाचा धडा नाही. तो वेळेचा धडा आहे. जे मध्यरात्री देता येणार नाही, ते उजेड असतानाच द्यावयाचे असते. त्याच अध्यायाच्या शेवटी अखेरच्या न्यायाचे चित्र आहे, आणि तेथे प्रश्न विचारला जातो तो उघड्याला वस्त्र आणि परक्याला आसरा दिला की नाही हा. दोन्ही प्रसंग एकत्र वाचले म्हणजे कळते की कुप्पीतले तेल केवळ आपल्या दिव्यासाठी नव्हते.

त्या दिवसांत त्याच राज्यातील एका लहानशा शहराच्या महापौराने समाजमाध्यमावर आपले मत जाहीर केले. त्याचा आशय असा की शहर किंवा सरकार कुणाचे काही देणे लागत नाही. ज्याने त्याने आपले पाहावे. समर्थ असतील ते तगतील, दुबळे असतील ते जातील. फार टीका झाली आणि त्याचे पद सुटले. पण त्याला दोष देऊन हात झटकणे सोपे आहे. त्याच्या म्हणण्यात एक अर्धसत्य दडलेले आहे: प्रत्येक कुटुंबाने शक्य तेवढी तयारी स्वतः करावी, हे खरेच आहे. पिण्याचे पाणी साठवणे, पाण्याची मुख्य चावी कुठे आहे ते घरातल्या सर्वांना ठाऊक असणे, घोंगड्या आणि औषधे हाताशी ठेवणे, जनरेटर घराबाहेर दूर ठेवणे, ही कामे कुठल्याही सरकारला घरोघरी येऊन करता येणार नाहीत. अर्धसत्य संपते ते येथे. विहिरीचे तोंड झाकणे हे एकट्या विधवेच्या हातचे नाही. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मजुराला भिंतीतली नळी बदलता येत नाही. पोप पायस अकरावे यांनी १९३१ मध्ये आपल्या परिपत्रकात जे तत्त्व मांडले ते हेच: लहान समूहाला जे स्वतः करता येते ते मोठ्याने हिरावून घेऊ नये. मोठ्याचे काम आहे ते लहानाला साहाय्य करण्याचे, आणि जे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे ते अंगावर घेण्याचे. ज्याचे त्याने पाहावे ही भाषा नवी नाही. रक्ताने माखलेल्या हातांनी काइनाने देवाला जे उलट विचारले, त्यातही ती होती. भावाची राखण आपल्याकडे नाही, असे त्याला म्हणावयाचे होते.

एकेकट्याची तयारी कशी अपुरी पडते याचे एक उदाहरण तर फारच बोलके आहे. नळ गोठू नये म्हणून तो बारीक धारेने चालू ठेवावा हा थंडीतला शहाणपणाचा सल्ला. परंतु लाखो नळ एकाच वेळी वाहू लागले, त्यात फुटलेल्या नळ्यांची भर पडली, आणि दाब कमी झाला. त्याचा फटका रुग्णालयांना आणि अग्निशमन दलाला बसू लागला. प्रत्येक जण आपल्या घरापुरता शहाणा होता. सर्वांचे मिळून मात्र शहाणपण झाले नाही. बेगमी आणि साठेबाजी यांतील भेदही असाच आहे. दोघांच्या कोठारात धान्य तेच असते. भेद असतो तो दाराला लावलेल्या कडीत. योसेफाने मिसर देशात सात सुकाळाच्या वर्षांत धान्य साठवले ते आपल्या वाड्यापुरते नव्हे. दुष्काळ पडला तेव्हा ती कोठारे उघडली, आणि ज्या भावांनी त्याला विकले होते तेही त्या दाराशी आले.

असे दार उघडणारी माणसे त्या आठवड्यात टेक्सासमध्येही होती. जिम मॅकिंगव्हेल या फर्निचर विक्रेत्याने ह्यूस्टनमधील आपली दालने बेघर झालेल्यांसाठी खुली केली. २०१७ च्या हार्वे वादळातही त्याने तेच केले होते, म्हणून या वेळी विचार करण्यात वेळ गेला नाही. दक्षिणेकडील साउथ पाद्रे हे नगर ज्या बेटावर आहे, त्याचे नाव पाद्रे होसे निकोलास बाइ या धर्मगुरूवरून पडले आहे. गारठ्याने बधिर होऊन तरंगणारी हजारो सागरी कासवे स्वयंसेवकांनी होड्या-मोटारींतून तेथे आणली आणि एका मोठ्या सभागृहात ओळीने ठेवून वाचवली. थंडीत कासवे बधिर होतात हे त्या किनाऱ्याला अनुभवाने ठाऊक होते, म्हणून माणसे आणि साधने तयार होती. मुक्या जीवांसाठी जी आठवण राखली गेली, ती माणसांसाठी राखली गेली असती तर! हे आम्ही उपहासाने लिहीत नाही. आठवण ठेवली तर माणूस काय करू शकतो, याचा तो पुरावा आहे.

पुढे शहाणपण आले. जून २०२१ मध्ये त्या राज्याने कायदा करून वीजकेंद्रांना थंडीपासून राखण्याची सक्ती केली. डिसेंबर २०२२ आणि जानेवारी २०२४ च्या कडाक्यात ते जाळे टिकून राहिले. पण ज्या २४६ घरांतील माणूस गेला त्यांच्यासाठी ते तेल मध्यरात्रीनंतर आले. आणि संकट आपले क्षेत्र बदलत राहते. २१ जानेवारी २०२५ रोजी न्यू ऑर्लीन्स या उष्ण, दमट शहरात सुमारे २० सेंटिमीटर बर्फ पडला. कधी न येणारे कधीतरी येतेच, आणि ते पाहुण्यासारखे निरोप पाठवून येत नाही. आपल्यालाही हे नवीन नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा पावसाची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय असलेली मुंबई त्या पावसाला अनोळखीच निघाली.

तेव्हा आमचा निष्कर्ष असा आहे. क्वचित येणाऱ्या संकटाची तयारी हा अविश्वास नव्हे, आणि ती केवळ हुशारीही नव्हे. ती अजून न भेटलेल्या शेजाऱ्यावर आधीच केलेली प्रीती आहे. पडलेल्याला उचलणे हा परोपकार सर्वांना दिसतो, त्याची बातमी होते. तो पडूच नये म्हणून वाटेवरचा दगड आदल्या दिवशी बाजूला करणाऱ्याचे नाव कुणी घेत नाही. वादळ आले नाही तर उलट त्याला उधळ्या म्हणतात. म्हणूनच हे पुण्य कठीण आहे, आणि म्हणूनच ते गुप्तात पाहणाऱ्या पित्याला प्रिय असेल असे आम्हांला वाटते.

२०२१ मध्ये राखेचा बुधवार १७ फेब्रुवारीला होता, म्हणजे नेमका त्या वादळाच्या मध्यात. टेक्सासमधील अनेक चर्चची दारे त्या दिवशी उघडू शकली नाहीत. कित्येक भाविकांच्या कपाळी राख लागली नाही. पण आपण माती आहोत, आपला श्वास एका बारीक धाग्यावर आहे, ही राखेची शिकवण त्या दिवशी प्रत्येक घराला मिळाली. प्रायश्चित्तकाळात आपण उपवास करतो, दान देतो. त्यात आणखी एका लहान व्रताची भर घालता येईल काय? आपल्या धर्मग्रामात एकटी राहणारी वृद्ध माणसे किती, अंथरुणाला खिळलेले किती, कुणाचे औषध वा श्वासाचे यंत्र विजेवर अवलंबून आहे, आणि अडचणीच्या रात्री त्यांच्या दारी कोणी जावयाचे, याची एक साधी यादी प्रत्येक वाडीने करून ठेवावी. त्याला एक वही आणि एक रविवार पुरेल. ती वही कदाचित वर्षानुवर्षे उघडावी लागणार नाही. पण ज्या रात्री उघडावी लागेल, त्या रात्री ती लिहावयास वेळ नसेल.